मोबाइलमध्ये मान घातलेल्या पादचाऱ्यासाठी चौकात काय बसवावे?

प्रश्न असा आहे: कॉलेजसमोरच्या चौकात मुले मोबाइलकडे बघत बघतच रस्ता ओलांडतात. प्रभागाच्या निधीतून पदपथाच्या कडेला जमिनीत लाल-हिरवे दिवे बसवायचे घाटत आहे, आणि कोणीतरी मोबाइल ॲपही सुचवले आहे. यातले खरोखर काय उपयोगी पडते आणि ते कसे बसवावे?

आधी उत्तर सांगतो, कारणे पुढे देतो. जमिनीतले दिवे जरूर घ्या, पण फक्त लाल घ्या, हिरवे नकोत. ॲपवर सार्वजनिक पैसा घालू नका. आणि दिव्यांची निविदा काढण्याआधी त्या चौकातल्या सिग्नलच्या वेळा दुरुस्त करून घ्या. त्याला चर खणावा लागत नाही आणि फरक त्याच दिवशी दिसू लागतो.

मोबाइलमुळे चालणाऱ्याच्या दोन गोष्टी हरवतात, नजर आणि लक्ष. या दोन्ही वेगळ्या आहेत, आणि इथेच बहुतेक योजना फसतात. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरात २० चौकांमध्ये १,१०२ पादचाऱ्यांचे निरीक्षण झाले होते. जवळजवळ प्रत्येक तिसरा माणूस मोबाइल, गाणी किंवा गप्पा अशा कशात तरी गुंतलेला होता. मेसेज टाइप करणाऱ्यांना रस्ता ओलांडायला सुमारे १८ टक्के जास्त वेळ लागला. सिग्नल न पाळणे, दोन्हीकडे न बघणे अशी किमान एक धोक्याची चूक करण्याची शक्यता त्यांच्यात जवळपास चौपट होती. वॉशिंग्टन राज्यातल्याच दुसऱ्या एका अभ्यासात विद्यापीठाच्या आवारात एकचाकी सायकलवरून एक विदूषक फिरवला. फोनवर बोलत चाललेल्यांपैकी साधारण चौघांत एकालाच तो दिसला. ही माणसे समोर बघत होती, तरीही त्यांना तो दिसला नाही.

म्हणजे पायाशी लावलेला दिवा नजर पकडू शकतो, हरवलेले लक्ष तो परत आणू शकत नाही. दिवा दिसला म्हणून माणूस थांबेल, पण उजवीकडून येणारी बस किती वेगात आहे याचा अंदाज त्याला दिव्यामुळे येणार नाही. म्हणून यंत्राने फक्त ‘थांब’ म्हणावे. ‘जा’ हा निर्णय मान वर करून माणसानेच घ्यायचा.

जगात दोन्ही प्रकार वापरून झाले आहेत. जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहराने २०१६ मध्ये ट्रामच्या थांब्यांवर जमिनीत लुकलुकणारे लाल दिवे बसवले. त्याच्या थोडे आधी म्युनिकमध्ये कानात इअरफोन असलेली १५ वर्षांची मुलगी ट्रामखाली गेली होती. नेदरलँड्समधल्या बोडेग्राफेन गावात २०१७ मध्ये शाळेजवळच्या चौकात सिग्नलबरोबर लाल-हिरवी होणारी पट्टी आली. तिथल्या रस्ता सुरक्षा संघटनेने लगेच आक्षेप घेतला, की यामुळे लोकांच्या चुकीच्या सवयीलाच बक्षीस मिळते. दक्षिण कोरियात इल्सान इथे २०१९ मध्ये रडार, उष्णता टिपणारे कॅमेरे, जमिनीतले दिवे, लेझर किरण आणि फोनवरचा इशारा हे सगळे एकत्र बांधले. एका क्रॉसिंगचा खर्च साधारण दीड कोटी वॉन सांगितला गेला होता. हाँगकाँगने वेगळा मार्ग घेतला. तिथे सिग्नलच्या खांबावरूनच थांबण्याच्या जागेवर लाल प्रकाश पडतो आणि पादचाऱ्यांचा सिग्नल हिरवा झाला की तो विझतो. हिरवा प्रकाश नाहीच.

मला हाँगकाँगचा विचार सर्वांत योग्य वाटतो, आणि आपल्या रस्त्यांवर तर तो जास्तच लागू पडतो. आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी सिम्युलेटरमध्ये मेसेज टाइप करणाऱ्या पादचाऱ्यांना वाहतुकीबद्दल फोनवर इशारे दिले. त्यांचे रस्ता ओलांडण्याचे निर्णय सुधारले, पण त्याचबरोबर त्यांचे रस्त्याकडे बघणे कमी झाले. विश्वास यंत्रावर गेला. आता आपला चौक डोळ्यांसमोर आणा. डावीकडे वळणारी वाहने सिग्नल कोणताही असो, थांबत नाहीत. लाल झाल्यावर दोन-तीन सेकंद दुचाक्या निघतच राहतात. उलट्या दिशेने कोणी ना कोणी येतच असते. अशा ठिकाणी पायाशी हिरवी पट्टी लावणे म्हणजे मान खाली घातलेल्या मुलीला ‘बघू नकोस, जा’ असे सांगणे आहे. शिवाय पट्टी बिघडून विझली, तर जुनी स्थिती परत येते, एवढेच. बिघडून हिरवी अडकली, तर माणूस थेट वाहनासमोर जातो.

आता सिग्नलच्या वेळा. बहुतेक ठिकाणी चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरून हिशेब करतात. दुभाजक नसलेला १४ मीटरचा रस्ता असेल तर त्याला पावणेबारा सेकंद लागतात. मोबाइलवाल्याचा १८ टक्के जादा वेळ मिळवला की पावणेचौदा होतात. म्हणून लुकलुकणाऱ्या हिरव्याला, म्हणजे रस्त्यात असलेल्यांनी पार होण्याच्या काळाला, १४ सेकंद द्या. वयस्क लोकांनाही एवढाच वेळ लागतो, त्यामुळे हा वेळ वाया जात नाही. त्याआधी पाऊल टाकायला स्थिर हिरवा ७ सेकंद ठेवा. समांतर जाणाऱ्या वाहनांना हिरवा मिळण्याच्या ३ ते ७ सेकंद आधी पादचाऱ्यांना हिरवा द्या. त्या काही सेकंदांत माणसे झेब्र्यावर बरीच पुढे जातात आणि वळणाऱ्या चालकाला ती दिसतात. मोकळे डावे वळण पादचाऱ्यांच्या हिरव्यात बंदच करायला हवे. त्यासाठी डाव्या बाणाचा वेगळा लाल दिवा लागतो.

सिग्नलचे एक आवर्तन किती मोठे आहे, हेही पाहा. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबावे लागले की पादचारी अधीर होतो, हे वाहतूक अभियंत्यांना जुनेच माहीत आहे. आपल्याकडे दीड-दोन मिनिटे सहज थांबावे लागते. फोन खिशातून बाहेर येतो तो याच वेळात. आवर्तन १०० सेकंदांच्या आत आणले तर फोन काढायचे कारणच कमी होते. वाहतूक शाखेला यावर ‘कोंडी वाढेल’ अशी भीती वाटेल. गर्दीच्या वेळी एक आठवडा प्रयोग म्हणून मागा, आकड्यांवर बोलणे सोपे जाते.

हे झाल्यावर जमिनीतल्या लाल दिव्यांची पट्टी. ती कुठे बसवायची याचे गणित साधे आहे. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असतात. फोन बघताना नजर ३० ते ४५ अंश खाली असते. म्हणजे तो आपल्यापुढे दीड ते अडीच मीटरवरची जमीन बघत असतो. सेकंदाला १.२ मीटरने चालणाऱ्याला दिवा जाणवायला एक सेकंद आणि थांबायला आणखी एखादे पाऊल लागते, म्हणजे सुमारे दोन मीटर. त्यामुळे पट्टी कर्बच्या, म्हणजे पदपथाच्या कडेच्या दगडाच्या, आतल्या बाजूला, कडेपासून वीत-दीड वीत अंतरावर असली की ती नेमकी वेळेवर दिसते. याहून मागे बसवली तर लोक ती ओलांडून पुढे उभे राहतात. समोरची जमीन फोनने झाकलेली असते, दिवा फोनच्या दोन्ही बाजूंनी दिसायला हवा. म्हणून तुकडे सोडून लावू नका, सलग पट्टी लावा. झेब्रा ४ मीटरचा असेल तर पट्टी ५ मीटरची करा, कारण मुले कोपऱ्यातून तिरकी येतात. दुभाजक असेल तर त्यावरही दोन्ही तोंडांना पट्टी हवीच. अर्धा रस्ता ओलांडल्यावर फोन परत वर येतो, आणि अंदाजपत्रकात नेमका दुभाजकच राहून जातो. दृष्टिहीनांसाठीच्या पिवळ्या ठिपक्यांच्या फरशा मात्र काढायच्या नाहीत. पट्टी फरशा आणि कडा यांच्यामध्ये जाईल अशी आखणी करा.

दिव्याची चमक हा दुसरा कस. दुपारच्या उन्हात सिमेंटचा पदपथ स्वतःच इतका उजळ असतो की साधी सजावटीची एलईडी पट्टी त्यावर दिसतच नाही. पुरवठादार नमुना दाखवतो तो कार्यालयात किंवा संध्याकाळी. तुम्ही तो मे महिन्यात दुपारी एक वाजता, त्याच पदपथावर, तीन मीटरवरून बघा. पट्टीच्या दोन्ही बाजूंना १० सेंटिमीटरची काळी किनार ठेवली की दिव्याला उठाव येतो. भिंगाचा कोन चालत येणाऱ्याकडे हवा, सरळ आकाशाकडे नको. दिवा स्थिर न ठेवता सेकंदाला एकदा-दोनदा लुकलुकवा. डोळ्याच्या कडेला हालचाल लवकर कळते, आणि लाल-हिरवा फरक न ओळखणाऱ्या पुरुषांनाही ती समजते. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा मात्र कधीही नाही, अपस्मार असलेल्यांना त्याने झटका येऊ शकतो. रात्री प्रकाश संवेदकाने चमक १०-२० टक्क्यांवर उतरवा, नाहीतर दुचाकीस्वाराच्या डोळ्यांवर येते.

वीज २४ व्होल्ट डीसीच ठेवा. पाणी साचणाऱ्या पदपथात २३० व्होल्ट नेणे हा गुन्हाच समजा. वीजपुरवठ्याचा डबा सिग्नलच्या कंट्रोलरच्या पेटीत, सोबत ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक आणि नीट अर्थिंग. हिशेब असा: पट्टीच्या दर मीटर लांबीला १५ वॉट धरले तर ५ मीटरच्या एका बाजूला ७५ वॉट, म्हणजे सुमारे ३ अँपिअर. पेटीपासून ३० मीटरवर दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर नेली तर दोन व्होल्टपेक्षा जास्त गळतात, पट्टी मंद पडते आणि दोष दिव्याला लागतो. ४ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर घट एका व्होल्टच्या आत राहते. ही दोन-तीन हजारांची काटकसर पुढे सगळे काम फुकट घालवते.

पट्टीचे नाते सिग्नलशी कसे जोडायचे, हे निविदेत स्पष्ट लिहा. नियम असा ठेवा: पादचाऱ्यांचा हिरवा दिवा स्थिर आणि खरोखर पेटलेला असेल तेव्हाच पट्टी विझेल, बाकी सर्व वेळ ती लाल. हिरव्याच्या तारेत विद्युतप्रवाह आहे का, हे तपासणारा रिले आणि त्यापुढे दीड सेकंदाचा ऑन-डिले टायमर, म्हणजे दीड सेकंद सलग प्रवाह मिळाल्यावरच पुढे काम करणारा टायमर, एवढे पुरते. हिरवा लुकलुकायला लागला की पहिल्याच खंडात टायमर शून्यावर येतो आणि पट्टी लाल होते. अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या लुकलुकण्यात दीड सेकंद सलग हिरवा कधीच मिळत नाही, म्हणून ती लालच राहते. हे फार महत्त्वाचे आहे. घोळक्यातली मुले एकमेकांबरोबर सुखरूप जातात. अडकतो तो मागून एकटा धावत येणारा, घोळका जाताना बघून फोनमध्ये मान घालून निघालेला. पट्टी लुकलुकत्या हिरव्याच्या सुरुवातीलाच लाल झाली पाहिजे, शेवटी झाली तर त्याला उशीर झालेला असतो. स्थिर हिरवा सुरू झाल्यावर पट्टी दीड सेकंद उशिरा विझते, तोही फायदाच आहे. लाल तोडणारी शेवटची दुचाकी तेवढ्यात निघून जाते.

रात्री सिग्नल पिवळ्या ब्लिंकरवर टाकतात, तेव्हा पट्टी पूर्ण बंद ठेवा. रिकाम्या रस्त्यावर रात्रभर लाल दिसणाऱ्या पट्टीचा मान दिवसाही राहत नाही. त्यासाठी कंट्रोलरमधून ब्लिंकरचा वेगळा संपर्क घ्यावा लागतो. ठेकेदार तो बहुधा विसरतो.

पावसाळ्यात ही पट्टी का मरते, हे समजून घ्या. भिंगातून क्वचितच पाणी जाते. दिवसभर तापलेल्या पट्टीवर अचानक सर येते, आतली हवा आकसते आणि केबल जिथून आत शिरते तिथून पाणी ओढले जाते. आयपी६७ (आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलेला पोकळ डबा म्हणूनच दुसऱ्या पावसात जातो. आतून पूर्ण पॉलियुरेथेनने भरलेली, आयपी६८ आणि आयके१० (आयके म्हणजे धक्का सोसण्याचा दर्जा) दर्जाची पट्टी मागा. पदपथावर दुचाक्या आणि हातगाड्या चढतात, तेव्हा धक्क्याचा दर्जा कागदावर नको, चाचणीचा अहवाल हवा. सांधे रेझिन ओतून बंद करा, टेप गुंडाळून नाही. चराच्या तळाला पाणी वाहून जायला भोक आणि थोडा उतार द्या. वरचा पृष्ठभाग पदपथाच्या पातळीला दोन मिलिमीटरच्या आत असावा आणि ओला असताना घसरणारा नसावा. आपल्या रस्त्यांवरच्या बारीक खडीने पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, भिंगावर वर्षभरात ओरखडे येतात. टफन केलेली काच महाग पडते, पण टिकते.

चर खणायची परवानगी मिळत नसेल किंवा तो पदपथ दर वर्षी केबलसाठी उकरला जात असेल, तर खांबावरून लाल प्रकाश टाकणारा हाँगकाँगसारखा दिवा बघा. खर्च आणि देखभाल दोन्ही कमी. मर्यादा एकच, भर उन्हात तो जवळजवळ दिसत नाही. सावलीच्या रस्त्यावर, संध्याकाळी सुटणाऱ्या कॉलेजसमोर किंवा क्लासेसच्या गल्लीत तो चांगला चालतो.

आणखी एक स्वस्त उपाय ब्रिटनमधला आहे आणि आपल्याकडे त्याची चर्चाच होत नाही. तिथल्या पफिन क्रॉसिंगवर पादचाऱ्याचा लाल-हिरवा माणूस रस्त्यापलीकडे नसतो. तो अलीकडच्या खांबावर, बटणाच्या वर, कमी उंचीवर असतो, आणि अशा बाजूला बसवलेला असतो की तो बघताना नजर आपोआप येणाऱ्या वाहनांकडे जाते. ब्रिटनमध्येही वाहने डावीकडून चालतात. म्हणजे आपल्याकडेही खांब पादचाऱ्याच्या उजव्या हाताला लावला की तीच भूमिती मिळते. एकेरी रस्त्यावर वाहने ज्या बाजूने येतात त्या बाजूला लावा. फोन बघणाऱ्याची नजर ज्या उंचीवर असते त्याच्या हा दिवा जवळ पडतो. गर्दीत तो झाकला जातो, म्हणून पलीकडचा दिवा काढू नका. पफिनमध्ये क्रॉसिंगवर अजून कोणी आहे का हे पाहणारा संवेदकही असतो. सावकाश चालणारा दिसला की तो वाहनांचा लाल वाढवतो. पट्टीनंतर निधी उरला तर हाच घ्यावा.

ॲपबद्दल. मागच्या कॅमेऱ्याने वाहने ओळखणारे ॲप २०१२ मध्येच अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी करून दाखवले. पण ते फोन कानाला लावून बोलणाऱ्यांसाठी होते. फोन छातीशी तिरका धरून वाचताना मागचा कॅमेरा पायांकडे बघत असतो, त्याला गाडी दिसणार कुठून? जीपीएसवर चालणारे इशारे उंच इमारतींमध्ये पाच-दहा मीटर चुकतात. एक लेन तीन-साडेतीन मीटरची असते, म्हणजे तुम्ही पदपथावर आहात की रस्त्यात, हेच त्याला कळत नाही. चौकात ब्लूटूथ बीकन, म्हणजे फोनला संकेत पाठवणारी छोटी यंत्रे, लावले तरी गर्दीतली शरीरे २.४ गिगाहर्ट्‌झचे तरंग शोषतात, अंतराचा अंदाज डोलत राहतो, आणि बॅटरी वाचवायला फोन पार्श्वभूमीतले शोध थांबवतो. या सगळ्यावर मात केली तरी ज्याला गरज आहे तोच ते ॲप घेत नाही.

फुकटात आहे ते मात्र कॉलेजने मुलांना जरूर दाखवावे. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधल्या डिजिटल वेलबीइंगमध्ये ‘हेड्स अप’ आहे. चालता चालता फोन वापरला की तो वर बघायची आठवण करतो. इअरफोनमध्ये बाहेरचा आवाज आत येऊ देणारी सोय असेल तर रस्त्यावर ती चालू ठेवावी. कमी वेगातली विजेवरची वाहने आधीच फार कमी आवाज करतात. युरोपीय संघाने २०२१ पासून नव्या विजेरी गाड्यांना कमी वेगात आवाज करणे सक्तीचे केले, ते याच कारणाने.

एक गोष्ट बजावून सांगतो. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतली ३२,८२५ पादचारी होती. या सगळ्यांचे खापर मोबाइलवर फोडायचे नाही. वाहन ताशी ५० किलोमीटरने येत असेल तर चालकाला थांबायला साधारण ३७ मीटर लागतात, ३० ने येत असेल तर १८. मान खाली घातलेल्या मुलालाही जगण्याचा हक्क आहे, आणि ही १९ मीटर त्याच्या कामी येतात. म्हणून झेब्रा पदपथाच्या पातळीला उचलून घेणे, म्हणजे टेबलटॉप, हा खर्च पट्टीच्या अंदाजपत्रकातच बसवा.

परिणाम मोजल्याशिवाय दुसऱ्या चौकाला मंजुरी देऊ नका. उंच खांबावरून, चेहरे ओळखू येणार नाहीत असे चित्रीकरण करा आणि प्रत्येक फेरीत किमान ३०० पादचारी मोजा. ३० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आलेला फरक इतक्या संख्येत भरवशाने कळतो. एक फेरी कामाआधी, दुसरी महिन्याने, तिसरी सहा महिन्यांनी, आणि तिन्ही वेळा वार आणि तास तेच. मोजायचे काय, तर न बघता पाऊल टाकणारे, लुकलुकत्या हिरव्यात उतरणारे, आणि ज्यांच्यासाठी वाहनाला अचानक ब्रेक लावावा लागला ते. महिन्याच्या फेरीवर खूश होऊ नका, तो नवलाईचा काळ असतो. सहा महिन्यांनी आकडे परत मागे गेले असतील तर आधी पट्टी धुऊन बघा, धूळ आणि पिचकाऱ्यांनी निम्मा प्रकाश गेलेला असतो. म्हणून आठवड्याची सफाई आणि ४८ तासांत दुरुस्ती या दोन अटी दोषदायित्वाच्या, म्हणजे कामातले दोष ठेकेदारानेच दुरुस्त करायच्या, तीन वर्षांसाठी ठेकेदाराच्या करारात घाला. पथ विभाग आणि विद्युत विभाग यांपैकी पट्टी कोणाची, हे काम सुरू होण्याआधी लेखी ठरवून घ्या.